नवख्यांसाठी शिन गार्ड: आधी नडगी मोजा, मग दुकान गाठा

गुडघ्याच्या वाटीखाली अंगठा ठेवा आणि हाडावरून सरळ घोट्यापर्यंत आणा. कातडी आणि लगेच हाड. मागे पोटरीला मांसाची चांगली गादी आहे, पुढे नडगी उघडीच. या हाडावर एक पातळ आवरण असतं आणि त्यात मज्जातंतू दाट असतात. अंधारात खाटेच्या खुरावर नडगी आपटली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात ते यामुळेच. किक बॉक्सिंग आणि मुए थाय (लाथा-बुक्क्यांचा थाई खेळ) यांत मारायचं ते याच हाडाने, आणि समोरच्याची लाथ अडवायचीही याच हाडाने. म्हणून नवख्याने हातमोजे आणि माउथ गार्ड घेतल्यावर पुढचे पैसे शिन गार्डवर, म्हणजे नडगीवर बांधायच्या फोमच्या गादीवर, घालावेत. हेडगार्ड, चमकदार शॉर्ट्स, अँकलेट (घोट्यावरचा पट्टा) हे सगळं नंतर.

गार्ड दोघांसाठी असतो, हे आधी मनात पक्कं करा. तुमची नडगी वाचते तशी पार्टनरची मांडी, बरगडी आणि कोपरही वाचतं. कोपर म्हणजे हाडाचं टोकच. उघड्या पावलाने मारलेली राउंड किक (बाजूने फिरवून मारायची लाथ) कोपरावर बसली तर मारणाऱ्याच्याच पावलाची बारीक हाडं मोडू शकतात. ज्याचे गार्ड धड नाहीत त्याच्याबरोबर स्पारिंग (सरावाची लढत) करायला कोणी तयार होत नाही, आणि पार्टनरशिवाय हा खेळ शिकता येत नाही.

गार्ड काय करत नाही तेही सांगायला हवं. तो धक्का पसरवतो, ठेच, सूज आणि चीर वाचवतो. पण पूर्ण ताकदीने मारलेली लो किक (समोरच्याच्या पायावर मारायची लाथ) समोरच्याने गुडघा उचलून, नडगीच्या वरच्या जाड भागावर अडवली, तर मारणाऱ्याच्या नडगीचा खालचा बारीक भाग वाकतो. हे वाकणं फोम थांबवू शकत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये यूएफसी १६८ या व्यावसायिक एमएमए (मिश्र मार्शल आर्ट) स्पर्धेत अँडरसन सिल्वाची लाथ ख्रिस वाइडमनने अशीच अडवली आणि सिल्वाच्या पायाची गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली. एप्रिल २०२१ मध्ये यूएफसी २६१ ला खुद्द वाइडमनचा पाय उरायाह हॉलच्या नडगीवर लाथ मारताना तसाच मोडला. तिथे गार्ड नसतात हे खरं. पण वर्गात गार्ड बांधले म्हणून लो किक पूर्ण जोराने मारायची मोकळीक मिळत नाही. स्पारिंगमध्ये लाथेचा जोर निम्म्याच्या खालीच राहिला पाहिजे.

कोणत्या खेळाला कोणता

खानदेशात बरीच मुलं-मुली कराटे किंवा तायक्वांदोच्या वर्गातून किक बॉक्सिंगकडे वळतात आणि जुनेच पॅड घेऊन येतात. गडबड इथून सुरू होते. दिसायला सारखे असले तरी हे गार्ड एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत.

कराटेचा शिन पॅड पातळ असतो, कारण तिथे फटका ताब्यात ठेवायचा असतो. जागतिक कराटे महासंघाच्या नियमांनुसार कुमितेत (दोघांच्या प्रत्यक्ष लढतीत) नडगी आणि पाऊल दोन्हींचं संरक्षण सक्तीचं आहे. रंग लाल किंवा निळा, आणि मोठ्या स्पर्धांत मान्यताप्राप्त कंपनीचाच पॅड चालतो. त्याचा पावलावरचा भाग बहुधा वेलक्रोने वेगळा होतो. हा पॅड बांधून लो किक अडवली तर पहिल्याच दिवशी नडगीवर टेंगूळ येईल.

तायक्वांदोत गार्ड डोबोकच्या (गणवेशाच्या) पँटखाली जातो आणि सामन्यात पायात सेन्सरचे मोजे असतात. त्यामुळे तिथे पावलाचा भाग नसलेला, बारीक, पँटखाली फुगणार नाही असा गार्ड लागतो.

किक बॉक्सिंगचीच दोन घरं आहेत. मॅटवरचे प्रकार, म्हणजे पॉइंट फाइटिंग, लाइट कॉन्टॅक्ट आणि किक लाइट, यांत पायात वेगळे फूट पॅड घालतात. म्हणून शिन गार्ड फक्त नडगीपुरता हवा, नाहीतर पावलावर दोन-दोन थर होतात आणि पाय वळत नाही. रिंगमधल्या लो किक आणि के-वन या प्रकारांच्या सरावाला मात्र जाड गार्ड लागतो. किक बॉक्सिंगची जागतिक संघटना 'वाको' हिला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली आणि अनेक स्पर्धा तिच्याच नियमांनी होतात. पण तुमचा वर्ग कोणत्या संघटनेशी जोडलेला आहे आणि कोणत्या प्रकारात उतरवणार आहे, हे गार्ड घ्यायच्या आधी सरांना किंवा मॅडमना विचाराच. हा एक प्रश्न विचारला नाही म्हणून लोक दोन-दोन जोड्या घेऊन बसतात.

एमएमएसाठी पायात मोज्यासारखा चढवायचा, निओप्रीनचा (ताणणाऱ्या रबरी कापडाचा) घट्ट गार्ड बरा. जमिनीवरच्या कुस्तीत वेलक्रोचे पट्टे सुटतात, अडकतात आणि पार्टनरच्या कातडीवर ओरखडे काढतात. त्याचा फोम सव्वा-दीड सेंटीमीटरच असतो, त्यामुळे उभ्याने लाथांचं स्पारिंग करायला तो कमी पडतो.

फुटबॉलचे शिन गार्ड कधीही चालणार नाहीत. ते टणक प्लास्टिकचे असतात. घालणाऱ्याची नडगी कदाचित वाचेल, पण समोरच्याच्या मांडीवर ती प्लास्टिकची कड बसेल.

नवखा असाल, रिंगमधलं किक बॉक्सिंग किंवा मुए थाय शिकत असाल आणि एकच जोडी परवडत असेल, तर पोटरीवर दोन वेलक्रो पट्टे असलेला, पावलाचा भाग जोडलेला गार्ड घ्या. पुढचं सगळं या प्रकाराबद्दल आहे.

मोजमाप: पाच मिनिटांचं काम

शिंप्याचा टेप घ्या, खुर्चीवर बसा, पाय गुडघ्यात काटकोनात ठेवा. उघडा पाय, पँट वर सरकवलेली. तीन मापं घ्यायची.

पहिलं, वाटीच्या खालच्या कडेपासून पाऊल जिथे नडगीला मिळतं त्या वळणापर्यंत, पुढच्या बाजूने सरळ. दुसरं, त्या वळणापासून बोटांच्या बुडापर्यंत, पावलाच्या वरच्या बाजूने. तिसरं, पोटरी सर्वांत जाड आहे तिथला घेर.

आता एक उदाहरण करून बघू. समजा पहिलं माप ३६ सेंटीमीटर आलं. गार्डची वरची कड वाटीच्या दोन बोटं खाली हवी, म्हणजे साधारण ३ सेंटीमीटर सोडायचे. उरले ३३. मग नडगीचा भाग ३२ ते ३४ सेंटीमीटर असलेला गार्ड तुमचा. दुसरं माप १४ आलं असेल तर पावलाचा भाग १३ ते १४ हवा. १६ चा घेतला तर त्याची पुढची कड बोटांवर येते, पाय टेकवताना खाली दुमडते आणि त्यावरच पाय पडून माणूस घसरतो. ११ चा घेतला तर पावलाची पुढची हाडं उघडी राहतात, आणि कोपरावर नेमकी तीच आदळतात.

दोन्ही पाय मोजा. फरक असला तर लांब पायाच्या मापाने घ्या.

कंपन्यांचे तक्ते बहुतेक उंचीवरून किंवा वजनावरून एस, एम, एल सांगतात. त्यावर डोळे झाकून जाऊ नका. एकाच उंचीच्या दोघांत एकाचं धड लांब, दुसऱ्याची तंगडी लांब असते. शिवाय एका कंपनीचा एम दुसरीच्या एलएवढा निघतो. ऑनलाइन घेत असाल तर वस्तूच्या वर्णनात सेंटीमीटरमध्ये लांबी शोधा, नसेल तर विक्रेत्याला प्रश्न टाका. लांबी सांगत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

लहान मुलांच्या बाबतीत दुकानात हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "पोरगं वाढतंय भाऊ, एक नंबर मोठाच द्या." शाळेच्या गणवेशाला हे चालतं, गार्डला नाही. मोठ्या गार्डची वरची कड पोराच्या वाटीवर येते, गुडघा उचलताना ती टोचते आणि पोर गुडघा उचलायचंच टाळतं. म्हणजे अडवण्याची सवयच मोडते. शिवाय गार्ड पायाभोवती फिरतो. मुलाला आजच्या मापाचा गार्ड घ्या आणि तो लहान झाला की वर्गातल्या धाकट्याला द्या. मुलांचे गार्ड फोम मरायच्या आधीच लहान होतात, त्यामुळे वर्गात अशी देवाणघेवाण चांगली चालते.

हातात घेऊन काय बघायचं

सगळ्यात आधी फोम. नडगीच्या मधल्या भागावर अंगठा टेकवून जोर द्या. पिकलेल्या केळ्यात रुततो तसा अंगठा सहज आत गेला आणि मागचं बोट लागलं, तर तो गार्ड परत ठेवा. दगडासारखा टणक लागला तरीही नको, कारण तो पार्टनरला लागेल. थोडा दबला पाहिजे, मग अडला पाहिजे, आणि अंगठा काढताच लगेच मूळ आकारात आला पाहिजे. चांगल्या गार्डमध्ये दोन थर असतात: बाहेर घट्ट फोम धक्का पसरवायला, आत मऊ फोम पायाला बसायला. स्पारिंगसाठी नडगीवर दोन ते अडीच सेंटीमीटर जाडी हवी. काही गार्डमध्ये पुढे एक उभा उंचवटा असतो, आत जादा फोमची पट्टी घातलेली. ती बरोबर हाडाच्या धारेवर येते का बघा. बाजूला येत असेल तर ती शोभेचीच.

मग पावलाचा भाग, आणि इथे वेळ काढा. नडगीचा तुकडा आणि पावलाचा तुकडा जिथे जुळतात, त्या वळणावर स्वस्त गार्ड सगळ्यात जास्त फसवतात. पाय सरळ टेकवलेला असताना तिथे काही दिसत नाही. गार्ड घालून बोटं पुढे ताणा, लाथ मारताना ताणतो तशी. आता वळणावर फट पडते का? दोन बोटं जातील एवढी फट पडली तर लाथ मारताना नेमकी तीच जागा उघडी राहणार. चांगल्या गार्डमध्ये नडगीचा तुकडा खाली थोडा उतरून पावलाच्या तुकड्यावर येतो, किंवा मधे फोमचा वेगळा जोड असतो. आता उलटं करा, पाऊल वर ओढा. वळणावर कड टोचली तर दहा मिनिटांत कातडी सोलेल.

पावलाच्या भागावरही फोम हवा. बऱ्याच गार्डवर तिथे कापडाच्या दोन थरांत पातळ स्पंज भरलेला असतो. चिमटीत धरून बघा, समजतं.

तळव्याखालून जाणारा इलॅस्टिक पट्टा रुंद हवा, निदान तीन-चार सेंटीमीटर. बारीक दोरीसारखा असेल तर तळव्यात रुततो आणि महिन्या-दोन महिन्यांत सैल पडतो. काही गार्डमध्ये टाचेच्या मागूनही एक पट्टा असतो. तो असला तर फार चांगलं, पाऊल जागचं हलत नाही.

पोटरीवरचे वेलक्रो पट्टे पाच सेंटीमीटर रुंद असावेत. उघडझाप करून आवाज ऐका. करकरीत, जोराचा आवाज म्हणजे पकड नवी आहे. पट्टे बंद करताना टोक पायाच्या बाहेरच्या बाजूला आलं पाहिजे. आतल्या बाजूला आलं तर दुसऱ्या पायाला घासतं आणि चालता-चालता सुटतं. डावा-उजवा बदलला की हेच होतं. म्हणून घरी आणल्याबरोबर आतल्या बाजूला पक्क्या शाईने 'डा' आणि 'उ' लिहून टाका.

शिवण बघताना टाके मोजत बसू नका. इलॅस्टिक जिथे गार्डला जोडलंय तिथे दुहेरी किंवा आडवी-उभी चौकट शिवण आहे का एवढंच बघा. पट्टे बहुधा तिथूनच उसवतात.

वरच्या आवरणात कातडं, मायक्रोफायबर, पीयू (कृत्रिम कातडं) आणि साधं रेक्झिन असे प्रकार येतात. कातडं टिकतं, पण घाम पितं आणि सांभाळावं लागतं. आठवड्यातून तीन दिवस सराव करणाऱ्याला चांगला पीयू किंवा मायक्रोफायबर पुरतो. अगदी स्वस्त रेक्झिन आमच्याकडच्या उन्हात एका उन्हाळ्यात तडकतं, पापुद्रे सुटतात आणि त्या कडा पार्टनरला खरचटतात. ते घेऊ नका.

पैसे किती

मोज्यासारखे कापडी गार्ड साधारण पाचशे ते हजारात येतात. वेलक्रोचे भारतीय बनावटीचे दीड ते तीन हजारांपर्यंत, आणि फेअरटेक्स, ट्विन्ससारखे थायलंडचे कातडी गार्ड त्याच्या कितीतरी पट. भाव खालीवर होतात, पण या तीन पायऱ्या कायम दिसतात. नवख्याने मधल्या पायरीवर राहावं. मेरठ आणि जालंधर इथे क्रीडासाहित्याचे मोठे कारखाने आहेत आणि तिथला मधल्या किमतीचा माल नीट निवडला तर दोन वर्षं सहज जातो. पायाला न बसणारा आठ हजारांचा गार्ड बसणाऱ्या दोन हजारांच्या गार्डपेक्षा वाईट. सरकणारा गार्ड तर नसण्यापेक्षाही घातक, कारण त्याच्या भरवशावर माणूस लाथ मारतो आणि नेमक्या त्या क्षणी हाड उघडं असतं.

जळगाव, धुळ्याच्या दुकानांत कराटेचे आणि कापडी गार्ड सहज मिळतात. जाड वेलक्रोचे बहुधा मागवून घ्यावे लागतात. दुकानदाराला दोन नंबर मागवायला सांगा आणि घालून बघूनच एक घ्या. वर्गातल्या पाच-सहा जणांनी मिळून मागवले तर तो आनंदाने मागवतो आणि भावही सोडतो. ऑनलाइन घेतलात तर घरात, झाडलेल्या फरशीवर, स्वच्छ पातळ मोजा घालून चाचणी करा. घामाचा डाग किंवा मातीचा ठसा पडला की परत करताना अडचण येते.

घरी चाचणी

गार्ड बांधा. आधी पावलाचा इलॅस्टिक, मग खालचा पट्टा, शेवटी वरचा. वरचा पट्टा पोटरीच्या जाड भागाच्या किंचित वर आला पाहिजे. तो जाड भागाखाली बांधला की पोटरी फुगताच खाली ढकलला जातो. पट्ट्याखाली एक बोट जाईल एवढा घट्ट असावा. दोन बोटं गेली तर सैल. एकही जात नसेल आणि पाच मिनिटांत पाऊल मुंग्या आल्यासारखं झालं तर फार घट्ट.

आता उकिडवे बसा. वरची कड मांडीच्या मागे किंवा वाटीला टोचते का? उभे राहून गुडघा छातीपर्यंत उचला. मग दोरीशिवाय वीस उड्या मारा आणि खाली बघा: गार्डची मधली रेघ अजून नडगीच्या धारेवर आहे का? एक बोट सरकली तर पट्टा आवळून पुन्हा करा. त्यानंतर प्रत्येक पायाने हवेत दहा राउंड किक हळूच मारा. शेवटी कोणाला तरी सांगा, गार्डला तळहाताने डावी-उजवीकडे ढकलायला. पायावरची कातडी गार्डबरोबर हलली पाहिजे. गार्ड एकटाच कातडीवरून घसरला तर तो तुमचा नाही.

गार्ड फिरतो त्याची कारणं बहुधा चारच असतात. नंबर मोठा, पोटरी बारीक, इलॅस्टिक मेलेलं, किंवा सैल ट्रॅक पँटवर बांधलेला. बारीक पोटरीच्या मुलामुलींनी गार्डखाली कापडी स्लीव्ह किंवा घट्ट लांब मोजा घालावा. पकड लगेच सुधारते आणि घामही टिपला जातो. ज्या मुली ट्रॅक पँट किंवा सलवारीवर सराव करतात त्यांनी गार्ड आतून, पायाला लागून बांधावा, किंवा घट्ट लेगिंगवरून. सैल कापडावर बांधलेला गार्ड पहिल्याच लाथेला पोटरीकडे जातो.

पंचिंग बॅगवर गार्ड घालायचे का

स्पारिंगचे गार्ड बॅगवर घालू नयेत. बॅगवर एका सरावात शेकडो लाथा बसतात आणि फोम काही महिन्यांत मरतो. त्यातही नडगीला हळूहळू सवय व्हायला हवी, आणि ती बॅगवरच होते. हाडावर थोडा-थोडा भार नियमित आला तर ते त्याला जुळवून घेतं, पण त्याला महिने लागतात. पहिले काही आठवडे कापडी स्लीव्ह घालून, कमी जोराने, मऊ बॅगवर मारा. नडगीवर बाटली फिरवणं, काठीने ठोकणं, झाडाला लाथा घालणं हे सगळं सोडून द्या. त्याने हाड पक्कं होत नाही, वरचं आवरण मात्र सुजतं आणि सराव महिनाभर बंद पडतो.

आपल्याकडच्या जुन्या बॅगा वाळूने भरलेल्या असतात. वाळू खाली बसत जाते आणि बॅगचा खालचा तिसरा हिस्सा अक्षरशः दगड होतो, नेमका लो किकच्या उंचीवर. लाथ मारायच्या आधी बॅग वरपासून खालपर्यंत मुठीने ठोकून बघा. टणक लागली तर वर्गाने मिळून ती रिकामी करावी आणि शिंप्याकडच्या चिंध्यांनी भरावी. थर टाकायचा, दाबायचा, पुन्हा थर. दर दोन-तीन महिन्यांनी बॅग उलटी टांगली की भरण एका बाजूला बसत नाही.

सांभाळ: ऊन, घाम आणि बुरशी

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बंद गाडीच्या डिकीत तर त्याहून कितीतरी जास्त. तिथे आठवडाभर पडलेल्या गार्डचा गोंद सुटतो, फोम आणि आवरण वेगळे होतात, पीयू कडक होऊन तडकतो. गार्ड गाडीत ठेवू नका, गच्चीवर उन्हातही टाकू नका. सावलीत, वारा लागेल असे, वेलक्रो उघडे ठेवून उलटे टांगा.

सराव संपला की लगेच, घामाने चिंब बॅगेत कोंबण्याआधी, आतली बाजू ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. आठवड्यातून एकदा फडक्यावर दोन थेंब सौम्य साबण घ्या. फोमचे गार्ड पाण्यात बुडवू नका आणि मशीनमध्ये तर टाकूच नका. आत गेलेलं पाणी दिवस-दिवस निघत नाही आणि कुबट वास मुरतो. कापडी गार्डचा फोम काढता येत असेल तर तो काढून कापड हाताने धुवा. कातडी गार्डला महिन्या-दोन महिन्यांनी थोडं लेदर कंडिशनर लावा.

पावसाळ्यात गार्ड वाळत नाहीत आणि पांढरी बुरशी धरतात. पंख्याखाली ठेवा, आत जुनं वर्तमानपत्र चुरगाळून घाला, ओलं झालं की बदला. हा नुसता वासाचा प्रश्न नाही. एकाचे गार्ड दुसऱ्याने घातले की गजकर्ण वर्गभर फिरतो. नडगीवर किंवा पोटरीवर गोल, कडा लाल असलेला, खाजणारा चट्टा दिसला तर स्पारिंग थांबवा, गार्ड पुसून वाळवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. दुकानातलं कुठलंही मिश्र मलम चोळू नका, त्याने चट्टा दबतो आणि पसरतो.

वेलक्रोत केस, धागे आणि धूळ अडकून पकड जाते. जुन्या टूथब्रशने किंवा सुईने ती साफ करा, निम्मी पकड परत येते. इलॅस्टिक सैल झालं म्हणून गार्ड फेकायची गरज नाही. शिवणकामाच्या साहित्याच्या दुकानात रुंद इलॅस्टिक आणि दोन इंची वेलक्रो मीटरवर मिळतं, आणि चप्पल-बूट शिवणारे कारागीर नायलॉनच्या दोऱ्याने ते थोड्या पैशांत शिवून देतात. जुनं इलॅस्टिक बरोबर न्या आणि नवं त्याच्यापेक्षा एक सेंटीमीटर आखूड कापायला सांगा, कारण जुनं ताणलेलं असतं.

फोम मेला की मात्र दुरुस्ती नाही. नडगीच्या भागावर अंगठा दाबून सोडा. खळगा तसाच राहिला, आत गोळे लागले, किंवा तुमची लाथ नेहमीपेक्षा जास्त लागते असं पार्टनर सांगू लागला, तर तो जोड निवृत्त करा. हीच चाचणी कोणाचे वापरलेले गार्ड घेताना करायची.

तरीही लागलं तर

नडगीवर टेंगूळ आलं तर सराव तिथेच थांबवा. बर्फ थेट कातडीवर नको. फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पाय उशीवर, छातीच्या पातळीपेक्षा वर. पहिले दोन दिवस गरम शेक आणि तेल-बामचं मालिश पूर्ण टाळा. आपल्याकडे लागलं की चोळून काढायची सवय आहे, पण चोळल्याने आतला रक्तस्राव आणि सूज वाढते.

पायावर भार देता येत नसेल, हाडाचा आकार बदललेला दिसत असेल, किंवा रात्रभरात दुखणं कमी होण्याऐवजी वाढत जाऊन नडगी ताठ, चकचकीत आणि बधिर होऊ लागली असेल, तर सकाळची वाट बघू नका, थेट रुग्णालय गाठा. नडगीभोवतीच्या स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढला तर काही तासांत कायमची इजा होऊ शकते. आणि टेंगूळ उतरूनही हाडाच्या एकाच बिंदूवर बोट ठेवताच कळ येत असेल आणि दोन आठवडे झाले असतील, तर पुन्हा लाथ मारण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढा. बारीक चीर पहिल्या दिवसांत एक्स-रेवर दिसेलच असं नाही, म्हणून आधीचा एक्स-रे साफ आला असला तरी दुखणं सांगा.